पक्षाभिमान्यांचा कैवार

इटलीतील इमोला येथे १ मे १९८३ रोजी झालेल्या फॉर्म्युला वन मोटारशर्यतीत, अवघ्या काही फेऱ्या उरल्या असताना, पादुआच्या रिकार्दो पात्रेसेने पात्रिक तांबे या फ्रेंच चालकाला मागे टाकून आघाडी घेतली, आणि त्या आघाडीचा आनंद पुरता भोगण्यापूर्वीच त्याची गाडी घसरून वळणावरच्या टायरांच्या राशीवर जाऊन आदळली. आपल्या देशबांधवाबद्दल हळहळ व्यक्त करणे तर दूरच, तेथे जमलेल्या इटालियन प्रेक्षकांनी त्या अपघाताचे जल्लोषात स्वागत केले. कारण पात्रेसे इटालियन असला तरी त्याची गाडी ब्रॅबम संघाची होती, आणि तांबे परदेशी असला तरी तो फेरारी हाकीत होता. मोटारशर्यतीच्या शौकिनांवर जे आरोप नेहमी केले जातात, की ते आंधळे असतात, प्रत्येक निर्णय आपल्या संघाच्या सोयीने तोलतात, आणि नियमावलीचे एखादे कलम बदलले की त्यात कोणाचा तरी डाव हुडकतात, त्या आरोपांच्या पुष्ट्यर्थ याहून बोलका पुरावा शोधून सापडणार नाही. तरीही याच मंडळींची कैफियत मांडण्याचा माझा विचार आहे.

प्रथम हा अभिमान कोणत्या जातीचा आहे ते पाहिले पाहिजे. मुंबईत १९४६ पर्यंत जे पंचरंगी क्रिकेट सामने होत असत त्यांत हिंदू, पारशी, मुसलमान, युरोपियन आणि उरलेल्या सर्वांचा मिळून एक असे पाच संघ उतरत, आणि प्रेक्षकाने कोणाची बाजू घ्यावी हे त्याच्या जन्माबरोबरच ठरून गेलेले असे. ते सामने बंद व्हावेत असे म्हणणाऱ्यांत गांधीजी होते, व त्यांच्या आक्षेपात तथ्य नव्हते असे म्हणणे अवघड आहे. फेरारीचा, मॅक्लारेनचा किंवा रेड बुलचा अभिमान असा जन्मसिद्ध नसतो. चाकणच्या कारखान्यात आठवडाभर पाळ्या करून जो तरुण रविवारी सायंकाळी साडेसहाला युरोपातली शर्यत पाहण्यासाठी दूरचित्रवाणीसमोर बैठक मारतो, त्याचे मारानेल्लो येथे, वोकिंग येथे किंवा मिल्टन कीन्स येथे कोणी आप्त नसतात. त्या संघाची भाषा त्याची नसते, त्या संघाच्या नफ्यातोट्याचा त्याच्या खिशाशी संबंध नसतो. त्याने आपला पक्ष स्वतः निवडलेला असतो, आणि स्वतः निवडलेल्या पक्षाचे समर्थन वाडवडिलांच्या नावाने करता येत नसल्यामुळे त्याला कारणे द्यावी लागतात. ती कारणे देता देता तो नियमावली वाचू लागतो. एरवी ज्या दस्तऐवजाकडे वकील आणि अभियंते यांच्याखेरीज कोणी ढुंकूनही पाहिले नसते, त्याची कलमे आज हजारो सामान्य माणसांना मुखोद्गत आहेत, याचे श्रेय निःपक्षपाती रसिकांना नाही. निःपक्षपाती रसिक शर्यत पाहून, चहा पिऊन झोपी जातो.

इतर खेळांत नियमांवरून वाद होतात ते मुख्यतः त्यांच्या अंमलबजावणीवरून; चेंडू यष्टीला लागला असता की नसता, पाय रेषेबाहेर होता की आत, इतक्यापुरते. क्रिकेटच्या बॅटीची रुंदी सव्वाचार इंचांहून अधिक नसावी हा दंडक अठराव्या शतकापासून चालत आला आहे आणि त्यावरून आज कोणाचे डोके भडकत नाही. मोटारशर्यतीत मात्र नियम खेळाच्या बाहेर उभा राहत नाही. गाडी ही नियमातूनच जन्माला येते. प्रत्येक संघाच्या कारखान्यात शेकडो माणसे वर्षभर पगार घेऊन एकच काम करतात असे म्हटले तरी चालेल: नियमाच्या दोन वाक्यांमधली फट शोधणे. १९७८ साली ब्रॅबम संघाने गाडीच्या पाठीमागे एक भलामोठा पंखा बसविला, तो गाडीखालची हवा खेचून तिला रस्त्याशी जखडून ठेवी. हलणाऱ्या वायुगतिक साधनांना बंदी असताना हे कसे, असे विचारताच पंखा मुख्यतः इंजिन थंड राखण्यासाठी आहे अशी मखलाशी करण्यात आली. स्वीडनमधील अँडरस्टॉर्पची ती एक शर्यत निकी लाउडाने जिंकली, आणि पुढच्या शर्यतीला पंखा दिसला नाही. तेव्हा या खेळात नियमाचा बदल म्हणजे दैवाची फेरवाटणी असते. एका ओळीने एका संघाची तीन वर्षांची मेहनत मातीमोल होते आणि दुसऱ्याची अडगळीत पडलेली कल्पना सोन्याची होते.

ही फेरवाटणी करताना नियमकर्त्यांची नजर गुणतक्त्यावर नसते असे जे म्हणतात त्यांनी २०२२ पासून लागू असलेली वायुगतिक चाचण्यांची श्रेणी पाहावी. आदल्या वर्षी संघांच्या तक्त्यात जो पहिला आला त्याला ठरीव प्रमाणाच्या ७० टक्केच चाचण्यांची मुभा आणि जो दहावा आला त्याला ११५ टक्के. मधल्यांना पायरीपायरीने पाच-पाच टक्के अधिक. जिंकणाऱ्याचा पाय मागे ओढावा हे येथे कारस्थान राहिलेले नाही, ते राजरोस कलम आहे. मग एखाद्या शौकिनाने म्हटले की अमुक नियम आमच्या संघाला वेसण घालण्यासाठी आणला, तर त्याला संशयपिशाच्चाने ग्रासले आहे असे म्हणण्यात काय हशील?

पण तो खरे बोलतो म्हणून त्याची तक्रार मंजूर करावी असे मात्र मी म्हणणार नाही. १९९२ आणि १९९३ ही दोन वर्षे विल्यम्स संघाने संगणकाच्या साह्याने गाडीची उंची व समतोल राखणाऱ्या निलंबनव्यवस्थेच्या जोरावर गाजविली, आणि १९९४ च्या हंगामापासून ती व्यवस्था, चाकांचे घसरणे आवरणारी यंत्रणा व तत्सम साधने यांना बंदी आली. विल्यम्सच्या अभिमान्यांनी आकांत केला. तथापि बंदी आगाऊ जाहीर झाली होती, ती सर्वांना सारखी लागू होती, आणि त्याच वर्षी संघांचे विजेतेपद पुन्हा विल्यम्सनेच मिळविले. पूर्वसूचना देऊन, दोन हंगामांच्या दरम्यान केलेला बदल कितीही मत्सरातून जन्मलेला असो, त्याला अन्याय म्हणता येत नाही. फार तर धोरण चुकले म्हणता येईल. या बाबतीत पक्षाभिमान्यांची फिर्याद खर्चासह फेटाळावी असेच माझे मत आहे.

याच १९९४ सालाने या खेळाला आणखी एक नियम दिला, आणि त्याची हकीकत जरा सविस्तर सांगण्याजोगी आहे. इमोला येथेच ३० एप्रिलला रोलंड राट्झेनबर्गर आणि १ मे रोजी आयर्टन सेना असे दोन चालक लागोपाठच्या दिवशी मृत्यू पावले. त्यानंतर हंगाम चालू असतानाच गाड्यांचा वेग आवरण्यासाठी जे फेरबदल करण्यात आले त्यांत गाडीच्या तळाशी एक दहा मिलिमीटर जाडीची लाकडी फळी बसविण्याची सक्ती होती. शर्यत संपल्यावर ती नऊ मिलिमीटरहून कमी भरली तर गाडी रस्त्याला प्रमाणाबाहेर लगटून धावली असे समजावे आणि निकालातून नाव कमी करावे. ही सक्ती अमलात आल्यावर महिन्याभरातच बेल्जियममधील स्पा येथे मिखाएल शूमाकरची जिंकलेली शर्यत याच फळीने काढून घेतली. गाडी गरगरून रस्त्याकडेच्या उंचवट्यावर चढली तेव्हा फळी खरवडली, ही त्याच्या संघाची सबब पंचांनी मान्य केली नाही. एकतीस वर्षांनी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, लास व्हेगासच्या शर्यतीनंतर मॅक्लारेनच्या दोन्ही गाड्यांच्या फळ्या मोजण्यात आल्या आणि दुसरा आलेला लँडो नॉरिस व चौथा आलेला ऑस्कर पियास्त्री दोघेही बाद ठरले. संघाने हे बुद्ध्या केले नाही हे मान्य होऊनही निकाल बदलला नाही. त्या हंगामाचे विजेतेपद नॉरिसने अखेर मॅक्स व्हर्स्टापेनपेक्षा दोन गुण अधिक मिळवून राखले, यावरून त्या रात्री गमावलेल्या गुणांचे मोल किती होते हे ध्यानात येईल.

आता यात मला महत्त्वाचे वाटते ते असे, की मॅक्लारेनचे जे अभिमानी माझ्या परिचयाचे आहेत त्यांनी त्या रात्री आपल्या संघाच्या अभियंत्यांना यथेच्छ शिव्या मोजल्या. मोजणाऱ्याविरुद्ध कोणी चकार शब्द काढला नाही. ज्यांना आपण आंधळे म्हणतो ती माणसे मोजपट्टीपुढे निमूट मान तुकवितात. मोजपट्टी सर्वांना ठाऊक असली, ती कालही तीच होती आणि उद्याही तीच राहणार अशी खात्री असली, की पराभव पचविण्याची ताकद त्यांच्यात येते. त्यांचे पित्त खवळते ते मर्जीने. शर्यतीचा इतिहास चाळला तर जे वाद दोन-दोन पिढ्या धुमसत राहिले त्यांच्या मुळाशी बहुतेक ठिकाणी हीच गोष्ट आढळते, की मोजपट्टी दाखवून कोणाची तरी मर्जी चालविली गेली किंवा मोजपट्टीचा निकाल मर्जीने फिरविला गेला.

१९७६ चा हंगाम घ्या. फेरारीचा निकी लाउडा आणि मॅक्लारेनचा जेम्स हंट यांच्या स्पर्धेवर पुढे चित्रपटही निघाला, त्यामुळे त्यातले नाट्य सर्वश्रुत आहे. पण त्यातले कज्जे विस्मृतीत गेले आहेत. गाड्यांच्या मापांविषयीचे नवे नियम १ मेपासून अमलात आले आणि दुसऱ्याच दिवशी स्पेनमधील हारामा येथे हंट जिंकला. लाउडा घरी ट्रॅक्टर उलटून बरगड्या दुखावलेल्या अवस्थेत दुसरा आला. तपासणीत हंटची गाडी १.८ सेंटिमीटर अधिक रुंद भरली आणि तो बाद झाला. येथपर्यंत सारे मोजपट्टीप्रमाणे होते. परंतु जुलैत अपिलात असे ठरले की एवढ्याशा रुंदीने गाडीला काही लाभ झाला नसावा, सबब विजय परत द्यावा आणि दंडावर भागवावे. हा निर्णय उदार होता, पण नियमात रुंदीचा आकडा होता, लाभाचा उल्लेख नव्हता; एकदा लाभ किती झाला हे पाहायचे ठरविले की मग प्रत्येक इंचाचा न्याय वेगळा करावा लागतो. फेरारीच्या बाजूने जो संताप उसळला तो मला तरी समर्थनीय वाटतो.

त्याच जुलैत ब्रँड्स हॅच येथे उलटा प्रकार घडला. पहिल्याच वळणावर फेरारीच्या दोन गाड्या एकमेकींवर आदळल्या, त्या गोंधळात हंटची गाडी जायबंदी झाली, शर्यत थांबविली गेली, आणि हंट फेरी पूर्ण न करता मागच्या वाटेने परतला. अशा गाडीला पुन्हा सुरुवातीच्या रांगेत उभे राहता येणार नाही असे अधिकाऱ्यांनी सांगताच मैदानावरच्या इंग्रज प्रेक्षकांनी असा काही गदारोळ मांडला की अधिकाऱ्यांची वाचाच बसली. वाटाघाटींचे घोंगडे भिजत पडले असताना मॅक्लारेनच्या कारागिरांनी तीच गाडी दुरुस्त करून रांगेत आणून उभी केली, आणि हंट धावला व जिंकला. फेरारीने दाद मागितली. दोन महिन्यांनी, सप्टेंबरच्या अखेरीस, तो विजय काढून घेऊन लाउडाला देण्यात आला. दरम्यान लाउडा नुर्बुर्गरिंगच्या आगीतून मृत्यूच्या दारी जाऊन परत आलेला होता. फुजीच्या पावसात शेवटची शर्यत सोडून देऊन तो गाडीतून उतरला तेव्हा हंट एका गुणाने जगज्जेता झाला: ६९ विरुद्ध ६८. हारामा येथे हंटला बाद ठरविण्याचा निर्णय कायम राहिला असता तर लाउडा विजेता ठरला असता, ब्रँड्स हॅचचा विजय हंटकडे राहिला असता तर चुरस फुजीपर्यंत पोचलीच नसती असे फेरारी आणि मॅक्लारेन यांचे अभिमानी एकमेकांना आजही ऐकवितात, आणि बेरीज-वजाबाकी दोघांचीही बरोबर आहे. ब्रँड्स हॅचच्या प्रेक्षकांचे मात्र मी समर्थन करणार नाही. पक्षाभिमान्याने कलम दाखवावे, कारण मागावे, अपिलाची वाट पाहावी. आरडाओरड करून नियम वाकविला तर तो सप्टेंबरात सरळ होतोच, हे त्याच प्रेक्षकांना कळून आले.

प्रेक्षकांचे मन राखण्यासाठी नियम वाकवावा की नियम राखून प्रेक्षकांना उपाशी घरी पाठवावे, हा प्रश्न इतक्या नागड्या स्वरूपात पुढे उभा राहिला तो १९ जून २००५ रोजी, अमेरिकेतील इंडियानापोलिस येथे. आदल्या वर्षी अठरापैकी पंधरा शर्यती फेरारीने जिंकल्या होत्या, आणि २००५ साठी असा दंडक घालण्यात आला होता की पात्रताफेरी व शर्यत मिळून टायरांचा एकच संच वापरावा. फेरारीच्या वर्चस्वाला लगाम घालण्यासाठीच हे आहे अशी तिच्या अभिमान्यांची समजूत झाली. त्या हंगामात फेरारीला एकोणीसपैकी एकच शर्यत जिंकता आली, हे पाहता ती समजूत परिणामापुरती तरी निराधार म्हणता येत नाही. ती एकमेव शर्यत इंडियानापोलिसची. तेथील एका बाजूला कललेल्या वेगवान वळणावर, ज्याला तेरावे वळण म्हणतात, सरावाच्या दिवशी टोयोटाच्या राल्फ शूमाकरचा टायर फुटला, आणि आपले टायर त्या वळणावर शर्यतभर टिकतील याची हमी देता येत नाही असे मिशेलिन कंपनीने कळविले. वीसपैकी चौदा गाड्या मिशेलिनवर धावत होत्या. वळणापूर्वी एक कृत्रिम अडसर घालून वेग कमी करावा असा प्रस्ताव आला, फेरारीखेरीज सर्व संघ त्याला राजी होते, आणि आंतरराष्ट्रीय महासंघाने तो साफ नाकारला: वळण वर्षानुवर्षे तेथेच आहे, ज्यांनी योग्य टायर आणले त्यांना शिक्षा कशासाठी? चौदा गाड्या मांडणीची एक फेरी फिरल्या आणि रांगेत उभ्या न राहता माघारी वळल्या. सहा गाड्यांची शर्यत झाली. प्रेक्षकांनी बाटल्या भिरकावल्या, शिव्याशाप दिले, आणि पुष्कळसे उठून निघून गेले.

महासंघ बरोबर होता असे माझे आजही मत आहे. रविवारी सकाळी उभारलेल्या, कोणीही गाडी घालून न पाहिलेल्या अडसरावर वीस चालकांना झोकून देणे हे सुरक्षिततेच्या नावाने केलेले धाडस ठरले असते. पण एक तपशील दृष्टिआड करू नये. टायर बदलण्यास बंदी करणारा नियम त्या वर्षी नसता तर संकटाला एवढे उग्र रूप आले नसते. चौदा संच बदलून, वेग सांभाळून कशीबशी शर्यत पार पडली असती. पुढच्याच हंगामात तो नियम मागे घेण्यात आला. म्हणजे नियम राखणारे बरोबर होते, नियम घडविणारे चुकले होते, आणि दोघे एकाच कचेरीत बसत होते. मिशेलिनने प्रेक्षकांना तिकिटांचे पैसे परत केले. महासंघाने आपल्या मसुद्याचे काय प्रायश्चित्त घेतले ते मात्र कधी दिसले नाही. आपल्याकडील वाचकांना या शर्यतीचे एक निराळेच अगत्य असायला हवे: त्या सहा गाड्यांपैकी दोन जॉर्डन संघाच्या होत्या, त्यांतली एक कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन चालवीत होता, तो चौथा आला, आणि त्याला मिळालेले पाच गुण हे या स्पर्धेत भारतीय चालकाने आजतागायत मिळविलेले एकमेव गुण आहेत. ते गुण खरे की खोटे यावरही आपल्याकडे वाद घातला जातो. मोजपट्टीने पाहिले तर खरे आहेत, आणि मला तेवढे पुरते.

यानंतर अबू धाबीकडे वळणे भाग आहे, कारण १२ डिसेंबर २०२१ च्या रात्रीने जे दोन तट पाडले ते अद्याप एकमेकांशी धड बोलत नाहीत. मर्सिडीजचा लुइस हॅमिल्टन आणि रेड बुलचा व्हर्स्टापेन दोघेही ३६९.५ गुणांवर समसमान होते. अर्धा गुणही एका वादाचेच अपत्य. त्याच वर्षी स्पा येथे मुसळधार पावसात, गाड्यांचा वेग आवरण्यासाठी पुढे धाडलेल्या सेफ्टी कारमागे जेमतेम दोन-तीन फेऱ्या फिरवून अर्धे गुण वाटले गेले होते. अबू धाबीत अठ्ठावन्नपैकी त्रेपन्नाव्या फेरीत विल्यम्सचा निकोलस लतिफी आदळला, सेफ्टी कार बाहेर आली, आघाडीवरचा हॅमिल्टन जुन्या कठीण टायरांवरच राहिला आणि व्हर्स्टापेनने नवे मऊ टायर चढविले. दोघांच्या मध्ये एक फेरी मागे पडलेल्या पाच गाड्या होत्या. शर्यतसंचालक मायकेल मासी यांनी आधी सांगितले की पिछाडीच्या गाड्यांनी पुढे जायचे नाही. मग सांगितले की त्या पाचांनीच जायचे, बाकीच्यांनी नाही. आणि गाड्या सोडल्यानंतर आणखी एक फेरी थांबण्याचा जो पाठ नियमात होता तो गुंडाळून ठेवून त्याच फेरीच्या अखेरीस सेफ्टी कार आत बोलाविली. एक फेरी उरली. पाचव्या वळणावर व्हर्स्टापेन पुढे गेला.

रेड बुलच्या बाजूचे म्हणणे असे, की शर्यत सेफ्टी कारमागे रांगत संपू नये ही सर्वच संघांची पूर्वीपासूनची इच्छा होती आणि संचालकांनी ती पुरविली. मर्सिडीजच्या बाजूचे म्हणणे असे, की इच्छा म्हणजे कलम नव्हे. पंचांनी मर्सिडीजची फिर्याद फेटाळताना ज्या कलमाचा आधार घेतला त्यात सेफ्टी कारच्या वापरावर संचालकांचा सर्वोपरी अखत्यार असल्याचे नमूद होते. पण अखत्याराचा असा अर्थ लावला की पुढची सारी कलमे निव्वळ शोभेची उरतात, हे सांगायला कायद्याची सनद लागत नाही. व्हर्स्टापेनचा यात यत्किंचितही दोष नाही. त्याला वाट दिसली, तो गेला. मात्र या धुमश्चक्रीत दोन्ही तटांनी ज्याच्याकडे पाहिलेही नाही असा एक तिसरा माणूस त्या फेरीत होता: फेरारीचा कार्लोस साइन्झ तिसऱ्या क्रमांकावर होता, आणि त्याच्या व व्हर्स्टापेनच्या मधल्या पिछाडीच्या गाड्या जागच्या जागीच ठेवल्या गेल्या. पहिल्याला गाठण्याची संधी दुसऱ्याला करून दिली, दुसऱ्याला गाठण्याची तिसऱ्याला दिली नाही. नियम सर्वांना सारखा लागू होतो की नाही हे पाहायचे असेल तर कट्टर वैऱ्यांच्या जोडीकडे पाहण्यापेक्षा त्या तिसऱ्याकडे पाहणे अधिक उद्बोधक ठरते. फेब्रुवारी २०२२ मध्ये मासी यांना दूर करण्यात आले, मार्चमध्ये आलेल्या अहवालाने मानवी चूक झाल्याचे पण हेतू प्रामाणिक असल्याचे म्हटले, निकाल कायम ठेवला, आणि पिछाडीच्या सर्वच गाड्यांना सोडावे असा नियमाचा पाठ दुरुस्त केला. संघप्रमुखांनी शर्यत चालू असताना थेट संचालकांशी हुज्जत घालण्याची जी वहिवाट पडली होती तीही मोडण्यात आली. या दुरुस्त्या कोणामुळे झाल्या? महिनोन् महिने कलमांचे आकडे तोंडावर फेकणाऱ्या त्या आंधळ्या अभिमान्यांमुळेच, असे मी म्हणेन.

त्यांच्यात दोष नाहीत असे नाही. त्यांची स्मृती एकाक्ष असते. जो २०२१ मध्ये संचालकांच्या अखत्याराचे गोडवे गातो तोच २०२२ मध्ये हंगामाच्या मध्यावर गाड्यांच्या उसळण्याला आळा घालणारे फर्मान निघताच अधिकाराच्या दुरुपयोगाच्या नावाने गळा काढतो. ते फर्मान चालकांच्या पाठीच्या कण्याची काळजी म्हणून निघाले, परंतु मर्सिडीजच्या गाऱ्हाण्यावरून आणि मर्सिडीजच्या हितासाठी निघाले अशी बोलवा झाली. ते लागू झाले त्या स्पाच्या शर्यतीत चौदाव्या क्रमांकावरून निघून व्हर्स्टापेन इतक्या सहजतेने जिंकला की बोलवा उठविणाऱ्यांची तोंडे पाहण्यासारखी झाली. सुरक्षिततेसाठी हंगामाच्या मध्ये केलेल्या बदलावर संशय घ्यायला हरकत नाही, पण तेवढ्यासाठी बदलच होऊ नये म्हणणे म्हणजे इमोलाच्या त्या दोन दिवसांचा विसर पडू देणे होय. अशा वेळी अभिमान्यांनी दमाने घ्यावे.

त्यांनी दम धरू नये असे मला वाटते ते एकाच जागी. २०१९ च्या हंगामात फेरारीच्या इंजिनाच्या जोराविषयी इतर संघांनी शंका घेतल्या, महासंघाने तपास केला, आणि २८ फेब्रुवारी २०२० रोजी इतकेच जाहीर झाले की फेरारीशी समझोता झाला असून त्याच्या अटी उभयतांत गुप्त राहतील. फेरारीचे इंजिन न वापरणाऱ्या सातही संघांनी जाहीर निषेध केला. त्या वर्षी फेरारी संघांच्या तक्त्यात सहाव्या स्थानी घसरली. यात दोष सिद्ध होत नाही आणि निर्दोषपणाही सिद्ध होत नाही. मोजपट्टी लावली की नाही, लावली तर किती भरले, हे कोणालाच कळू शकले नाही. हरलेल्या शर्यतीचे दुःख काळाने निवते, पण दप्तरात बंद केलेल्या निकालावर कोणत्याच बाजूला वाद घालता येत नाही, आणि निष्कलंकपणाचा दावाही करता येत नाही. म्हणून त्या अटी प्रसिद्ध करण्याची मागणी फेरारीच्या प्रतिस्पर्ध्यांवर सोपवून स्वस्थ बसणे फेरारीच्या अभिमान्यांना शोभत नाही. इमोलाच्या प्रेक्षकांच्या वारसांनी ती सर्वांआधी करायला हवी होती. अटी अजून जाहीर झालेल्या नाहीत, तेव्हा ती आजही करता येईल.